मॉनिटरखालची चिठ्ठी

नात्यागोत्यात कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की फोन दादाला जायचा, हा पंधरा वर्षांचा शिरस्ता होता. मावशीचा प्रिंटर, काकांचा लॅपटॉप, शेजारच्या वकीलबाईंचा स्कॅनर, सगळ्यांचा डॉक्टर एकच. दादा एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होता. परीक्षानळ्या धुणं, ॲसिडच्या बाटल्या कुलपात ठेवणं, असलं त्याचं काम. तिथे त्याला विचारतो कोण! पण रविवारी कमरेला काळा पाउच लावून, त्यात दोन पेनड्राइव्ह आणि एक बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो कुणाच्या दारात उभा राहिला की माणसं खुर्ची रिकामी करून बाजूला व्हायची. त्या रिकाम्या खुर्चीची त्याला चटक लागली होती.

त्याच्या दोन सवयी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यापायीच झाला. एक म्हणजे तो पडद्यावर आलेला मजकूर वाचत नसे. सूचनेची चौकट उमटायचा अवकाश, की याने ‘ओके’ दाबून ती घालवलीच. वाचायचं काय त्यात, लक्षणं बघून रोग कळतो, असं त्याचं म्हणणं. दुसरी सवय मात्र चांगली होती. तो कधी काही पुसून टाकत नसे. नको असलेल्या फाइलच्या नावाला तो शेवटी इंग्रजी अक्षरांत ‘जुनी’ असं जोडायचा आणि ती तिथेच ठेवायचा. कॉम्प्युटरला त्या नावाची फाइल सापडत नाही, म्हणजे ती नसल्यासारखीच. आणि उद्या लागलीच तर ती चार अक्षरं काढली की पुन्हा हजर. ही युक्ती त्याने सगळ्यांना शिकवायचा प्रयत्न केला. शिकली फक्त चिमी.

चिमी त्याची धाकटी बहीण, बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तेव्हा तिची सायकल, तिची गणितं, तिची फी, सगळं दादानेच पाहिलं. त्या गडबडीत त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं आणि त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. चिमी आता एका सुतारासाठी स्वयंपाकघरं काढून द्यायची. लाकूड कापण्याआधी गिऱ्हाइकाला पडद्यावर आपलं स्वयंपाकघर दिसायचं, कपाटाचं दार उघडून बघता यायचं, ओट्याचा रंग बदलता यायचा. ते काम ज्या कॉम्प्युटरवर चालायचं, तो दादाने एकेक सुटा भाग आणून स्वतःच्या हाताने जोडला होता. आठ महिन्यांपूर्वी चिमीचं लग्न झालं आणि कॉम्प्युटर तिच्याबरोबर सासरी गेला.

नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. दादा त्याला तोंडावर जावईबापू म्हणायचा आणि मनात औषधवाला. माणसात खोट काढायला जागा नव्हती, हीच दादाची मोठी अडचण. हळू बोलायचा, वेळेवर यायचा, दादासमोर पाय दुमडून बसायचा. एकदा आईच्या मोबाइलवरची अक्षरं अचानक टपोरी झालेली दादाला दिसली. कुणी केली म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, जावईबापूंनी, मला बारीक दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. दादा त्या दिवशी जेवण अर्धवट टाकून उठला.

आणि आता हा शनिवार. दुपारी चिमीचा फोन आला. प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकल्यापासून तो उघडतच नव्हता, कुठलीशी ग्राफिक्सची फाइल नाही म्हणत होता. आणि रविवारी चार वाजता एक जोडपं बघायला येणार होतं. त्यांच्या नव्या इमारतीत वीस बिऱ्हाडं होती. त्यांना आवडलं तर बाकीचीही येतील, आणि मग ती सगळी घरं चिमीने काढायची, असा सुताराचा शब्द होता. दादा पाउच लावून निघाला. मनातून तो खूश होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याने रोग ताबडतोब ओळखला. पडद्यावर चित्रं उभी करायला लागणाऱ्या तयार फाइली प्रोग्राम स्वतःजवळ ठेवत नाही, त्या कॉम्प्युटरच्या मुख्य फोल्डरमध्ये असतात, आणि त्यातली एक बेपत्ता होती. दादाने इंटरनेटवर तिचं नाव टाकलं, जाहिरातींनी बरबटलेल्या कुठल्याशा साइटवरून ती उतरवली आणि जागेवर ठेवली. प्रोग्राम दुसरी फाइल मागायला लागला. दुसरी दिली, तर तिसरी. तिसरी दिल्यावर एक भलीमोठी चौकट आली. दादाने ती वाचली असती, तर त्या फाइली या मशीनच्या जातीच्याच नाहीत हे तिथेच कळलं असतं. त्याने ‘ओके’ दाबलं. दोन तास असे गेले. शेवटी घाम पुसत त्याने निकाल दिला, की ग्राफिक्स कार्ड गेलंय, सोमवारी नवं आणू, गिऱ्हाइकाला पुढची वेळ दे. चिमीचा चेहरा पडला, पण ती हो म्हणाली. दादाच्या शब्दापुढे ती कधी गेली नव्हती.

रविवारी सकाळी आईने चहा देता देता सांगितलं, की चिमीचं यंत्र सुरू झालं. जावईबापू काल संध्याकाळी दुकानातून आले आणि दहा मिनिटांत केलं म्हणे, आजची चारची वेळही तशीच ठेवलीय.

दहा मिनिटांत. दादाने चहा तसाच खाली ठेवला. दहा मिनिटांत तर माणूस धड पाउच उघडत नाही. दुपारी बाराला तो चिमीकडे थडकला, सोबत आईने मागे कधीतरी चिमीकडून आणलेला आणि कुणीही परत न मागितलेला एक स्टीलचा डबा. औषधवाला दुकानात गेला होता. चिमीने हौसेने प्रोग्राम उघडून दाखवला, पिवळ्या कपाटांचं स्वयंपाकघर पडद्यावर गर्रकन फिरलं.

चिमी सांगत सुटली. यांनी काही केलंच नाही रे, नुसतं वाचलं. चौकट आली ती कागदावर उतरवून घेतली, त्याखालचं बारीक अक्षरातलंही. मग जिथे तो प्रोग्राम मिळतो तिथली सूचना वाचली, तर या फाइली सुट्या घ्यायच्याच नसतात, त्यांचा अख्खा संच बनवणाऱ्यांकडूनच फुकट मिळतो, तो एकदम बसवायचा. हे हसून म्हणाले, एकेक गोळी कशाला हुडकायची, सबंध पाकीट घ्यावं.

दादाही हसला. हसताना त्याला स्वतःचे दात जाणवले.

पडद्यावर एका कोपऱ्यात ‘दादांच्या फाइली’ नावाचं नवं फोल्डर होतं. कालच्या त्या तीन निकामी फाइली औषधवाल्याने काढून टाकल्या नव्हत्या, मानाने त्यात ठेवल्या होत्या. हे तर अतिच झालं. त्याने त्या उडवून दिल्या असत्या तर भांडायला तरी काही मिळालं असतं. मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर एक चिठ्ठीही चिकटवलेली होती. औषधाच्या पुडीवर लिहितात तशा स्वच्छ, सुट्या अक्षरात चार ओळी. पुन्हा असं झालं तर काय करायचं ते लिहून ठेवलंय, असं चिमी म्हणाली. दादाने पहिल्या ओळीतला ‘आधी वाचावा’ एवढा भाग पाहिला आणि मान फिरवली. आता हा माणूस आपल्याला वाचायला शिकवणार!

चिमीने प्रोग्राम बंद केला, तेवढ्यात सुताराचा माणूस मापं घेऊन खाली आला म्हणून ती जिना उतरून गेली. खुर्ची रिकामी होती. दादा बसला.

बसताना त्याच्या मनात काही नव्हतं, असं तो पुढे स्वतःला पुष्कळदा सांगणार होता. ते खोटं आहे. मनात सगळा बेत तयार होता. मुख्य फोल्डर उघडायचं, काल जी बेपत्ता होती ती पहिली फाइल शोधायची, नावाला चार अक्षरं जोडायची. तीनला चिमी प्रोग्राम उघडेल, चौकट येईल. औषधवाला दुकानात, गल्ल्यासमोर रांग, त्याला हलता येणार नाही. मग फोन कुणाला? दादा धावत येईल, खुर्ची रिकामी होईल, चार अक्षरं जातील, एका मिनिटात स्वयंपाकघर उभं. दहा मिनिटं नव्हे, एक. फाइल उडवायचा विचारही त्याला शिवला नाही. बहिणीचं नुकसान थोडंच करायचं होतं? जिन्यात पावलं वाजली तेव्हा तो खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता.

दोनला तो घरी फोन पुढ्यात घेऊन बसला. अडीच झाले. तीन झाले. तीन वाजून दहा मिनिटांनी त्याने आईच्या टपोऱ्या अक्षरांच्या मोबाइलवरून स्वतःलाच फोन लावून बघितला. वाजत होता, चांगला खणखणीत. आईने विचारलं, कुणाची वाट बघतोयस. कुणाची नाही, असं तो इतक्या जोरात म्हणाला की ती आत निघून गेली.

आता वेगळीच भीती सुरू झाली. चिमीने औषधवाल्याला फोन केला असेल, तो दुकान टाकून आला असेल, पुन्हा दहा मिनिटं. किंवा त्याने फोन उचलला नसेल आणि ती एकटी रडत बसली असेल. दुसरं वाईट होतं, पण खरं सांगायचं तर दादाला पहिलंच जास्त झोंबत होतं. आणि फोन करून विचारायचं तरी काय? बिघडलंय का म्हणून? बिघडलंय हे तुला कसं कळलं, असं तिने विचारलं तर? साडेतीनला त्याने स्कूटर काढली.

दार चिमीनेच उघडलं. इस्त्रीचे कपडे, केस नीट बांधलेले. पडद्यावर पिवळं स्वयंपाकघर संथपणे फिरत होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दादाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तिथून बाहेरही आला.

“चालू झालं?” तो म्हणाला, आणि जीभ चावली.

चिमीने त्याला आत घेतलं. मग तिने दार लोटलं.

“तीनला बंद होतं. यांच्या चिठ्ठीत लिहिलंय, फोल्डर उघडून फाइल आहे का ते बघावं. बघितलं. होती. नावाच्या शेवटी ‘जुनी’ लावलेली.”

दादा चप्पल काढायला खाली वाकला.

“मला हे कुणी शिकवलं, दादा?”

त्याला वाटलं आता ती रडेल किंवा ओरडेल. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं.

“यांना मी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “सांगणारही नाही. पण तुला यावंसं वाटलं ना, तर नुसतं येत जा. काही बिघडायची वाट नको बघूस.”

तेवढ्यात घंटी वाजली. जोडपं आलं होतं, चार वाजायच्या पंधरा मिनिटं आधीच. चिमीने त्यांना बसवलं आणि दादाकडे हात करून अगदी सहज म्हणाली, हा माझा भाऊ, हा कॉम्प्युटर यानेच जोडलाय. गिऱ्हाईक बाईंनी कौतुकाने मान हलवली. दादाला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

ती स्वयंपाकघर फिरवून दाखवायला लागली. दादा तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. पडद्याकडे बघवेना म्हणून त्याने नजर खाली आणली, आणि ती चिठ्ठीवर येऊन थांबली. या वेळी त्याने ती शेवटपर्यंत वाचली.

एक, चौकटीतला मजकूर आधी वाचावा, बंद करण्याची घाई करू नये. दोन, फोल्डरमध्ये फाइल आहे का पाहावे. तीन, संच पुन्हा बसवावा. चार, तरीही न झाल्यास दादांना फोन करावा, हे मशीन त्यांच्याइतके कुणालाच कळत नाही.

दादाने चौथी ओळ दुसऱ्यांदा वाचली. दुपारी बाराला ती इथेच होती, त्याच्या नाकासमोर. औषधवाल्याने त्याची खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवली होती आणि फाइलचं नाव बदलून दुसऱ्या ओळीवरच ती दादाने स्वतःच्या हाताने घालवली होती. हेवा काही गेला नाही. उलट वाढला. असं लिहिणं आपल्याला कधी सुचलं नसतं, या गोष्टीचाच आता त्याला हेवा वाटत होता.

गिऱ्हाईक बाई ओट्याचा रंग बदलून बघत होत्या. त्यांना हिरवा आवडला. दादा हळूच म्हणाला, मी चहा टाकतो, आणि आत गेला. फळीवर एकसारखे बारा डबे ओळीने मांडलेले होते, आणि प्रत्येकावर त्याच सुट्या अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं. साखर कुठली हे शोधायला त्याला ते एकेक करून सगळे वाचावे लागले.