एकेचाळीस मिनिटांची किल्ली

दादाने 'किल्ली' लिहिलं तेव्हा ते गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांचं होतं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण पहिल्या कार्यक्रमात घड्याळावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडेच होतं. सभागृह अर्ध्या तासासाठीच मिळालं होतं आणि आठ गाणी उरकायची होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पेशाने दातांचा डॉक्टर. आमच्या 'अक्कलदाढ' बँडमध्ये तो गातो. ड्रम वाजवतो तो आमचा सख्खा मामा. त्याची गाडी चालवायला शिकवायची शाळा आहे. गिटारवाल्याला सगळे वायरमन म्हणतात, कारण तो वायरमनच आहे. आणि मी बेस गिटार वाजवते, एरवी सातवी-आठवीला गणित शिकवते. 'किल्ली'त माझ्या वाट्याला चार सूर आहेत. तेच चार, त्याच क्रमाने, शेवटपर्यंत.

गाणं वहिनीवर होतं. तेव्हा ती वहिनी नव्हती, पेशंट होती. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करायची, अजूनही करते. दाढ दाखवायला आली आणि घराची किल्ली दादाच्या टेबलावर विसरून गेली. दादा पत्ता शोधत किल्ली द्यायला गेला तो कामातून गेलेलाच परत आला. आठवडाभरात गाणं तयार, वर्षभरात लग्न. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा वहिनी पहिल्या रांगेत बसून लाजत होती. मागच्या रांगेतले एक आजोबा जाताना म्हणाले, "लहान होतं, बरं होतं."

गाण्याला पहिली फांदी फुटली ती चौथ्या कार्यक्रमात. दुसऱ्या कडव्याआधी वायरमनची तार खाडकन तुटली. नवी चढवेपर्यंत काहीतरी करायला हवं, म्हणून मामाने ड्रम बडवायला घेतले. वायरमनला एकही काम घाईत करायची सवय नाही. त्याने खिशातून पक्कड काढली, जुनी तार गुंडाळली, नवी उजेडाकडे धरून पाहिली. चार मिनिटं गेली. मामा घामाघूम झाला आणि लोक वेडे झाले.

पुढच्या कार्यक्रमात कुणीतरी ओरडलं, "तार तोडा!"

"अहो, ती आपोआप तुटली होती," वायरमन माइकवर म्हणाला.

"तोडा!"

वायरमनने आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्याच्याकडे. त्याने पक्कड काढून चांगलीचुंगली तार कापली. त्या दिवसापासून 'किल्ली' सात मिनिटांचं झालं.

मग दादा शब्द विसरला. दुसरं कडवं सुरू करायचं आणि डोकं कोरी पाटी. घाबरला की माणूस रोजचं बोलतो तसं त्याने केलं. माइकवर स्वच्छ आवाजात म्हणाला, "मोठा आ करा."

समोर तीनशे माणसं होती. सगळ्यांनी केला.

आता इतकी उघडी तोंडं समोर असताना दातांचा डॉक्टर गप्प कसा बसणार? दादा खिशातली छोटी बॅटरी घेऊन खाली उतरला आणि पहिल्या रांगेत डोकावत फिरला. मी माझे चार सूर चालू ठेवले. "वा," तो एका बाईंना म्हणाला, "अगदी मोत्यासारखे." पुढच्या माणसाजवळ मात्र थबकला. "खालची उजवी. उद्या साडेदहाला या." टाळ्यांचा कडकडाट झाला. तो माणूस खरोखर आला, दाढ काढून घेतली आणि पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसू लागला. दुसरं कडवं त्यानंतर कधी कुणी मागितलं नाही.

मामाचं वेगळंच. शिकाऊ माणसाशेजारी बसून वीस वर्षं दुसरा ब्रेक दाबत आल्यामुळे त्याचा उजवा पाय त्याच्या ताब्यात नाही. मैदानातल्या एका कार्यक्रमात स्टेजसमोरून एक कुत्रं आडवं गेलं आणि मामाने वाजवता वाजवता कचकन ब्रेक मारला. म्हणजे थांबला. त्याच्यामुळे आम्हीही थांबलो. चिडीचूप. कुत्रं सावकाश पलीकडे गेलं, मामाने डावी-उजवी बाजू पाहिली आणि पुन्हा सुरुवात केली. लोकांना वाटलं, काय ही हिंमत, काय ही शांतता! पुढे ती शांतता वीस सेकंदांची झाली, मग मिनिटाची, मग तीन मिनिटांची. एकदा त्या शांततेत एका बाईंचा फोन वाजला. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "नाही गं, अजून तेच गाणं चालू आहे." ते सबंध मैदानाला ऐकू गेलं.

लोक किल्ल्यांचे जुडगे आणून खुळखुळवायला लागले. त्या खुळखुळाटात पहिलं आणि तिसरं कडवं ऐकू येईना, म्हणून दादाने तीही सोडून दिली. आणि खोटं कशाला बोलू, मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. तार बदलायच्या त्या चार मिनिटांत मला नुसतं उभं राहायचा कंटाळा यायचा. एकदा सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा स्टेजवर घेऊन गेले आणि स्टुलावर बसून तपासायला लागले. एका मुलीचं सगळं बरोबर आलं तेव्हा भान न राहून ओरडले, "पैकीच्या पैकी!" तर आठशे लोक उभे राहिले. झालं, पेपर तपासणी कायमची चिकटली.

नऊ वर्षांत 'किल्ली' एकेचाळीस मिनिटांचं झालं. बाकीची सात गाणी आम्ही कधीच बंद केली होती, वेळच उरायचा नाही.

या काळात वहिनी कार्यक्रमांना येत नव्हती. रविवारी तिची ड्यूटी असायची. दादा घरी येऊन सांगायचा, "तुझं गाणं काय रंगलं आज!" आणि ती खूश व्हायची. यंदा तिची ड्यूटी बदलली. एका रविवारी दुपारी, कुणाला न सांगता, ती मैदानात येऊन मधल्या रांगेत बसली.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही वायरी गुंडाळत होतो, तेव्हा ती स्टेजजवळ आली. दादाचा चेहरा फुलला.

"कसं वाटलं?"

"माझ्या शेजारी एक काका होते," वहिनी म्हणाली. "त्यांना विचारलं, हे गाणं कशाबद्दल आहे? ते म्हणाले, दात नीट घासण्याबद्दल."

वायरमनने पक्कड खिशात ठेवली आणि तो लांब जाऊन उभा राहिला.

"प्रत्येकाचा आपला अर्थ असतो गं," दादा म्हणाला.

"माझं गाणं कुठे गेलं?"

"हेच तर आहे!"

"बरं. मग दुसरं कडवं म्हण."

दादाने तोंड उघडलं. बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं. मग त्याने मामाकडे पाहिलं, मामाने माझ्याकडे. मला माझे चार सूर सोडून त्या गाण्यातलं काहीही कधीच येत नव्हतं.

वहिनी भांडली असती तर बरं झालं असतं. तिने भांडण केलं नाही. घरी ती दादाशी फक्त कामापुरतं बोलायला लागली. "दूध संपलंय." "बेल वाजतेय." तिसऱ्या दिवशी दादा शाळेत मला भेटायला आला. मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, नकाशे ठेवतात त्या कपाटाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "काहीही कर, पण ते शब्द शोध."

आम्ही शोधले. जुन्या वह्या चाळल्या, कपाटं उपसली. वायरमनकडे पहिल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं, पण ते ज्या फोनमध्ये होतं तो फोन दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी भिंतीत, पंख्याच्या वायरीशेजारी, प्लॅस्टरमध्ये बंद झाला होता. मामाने त्या काळातल्या शिकाऊ लोकांना फोन करून पाहिलं. एकाला धृपद आठवत होतं, पण ते दुसऱ्याच बँडचं निघालं.

शेवटी दादा दवाखान्यात डोकं धरून बसला होता, तेव्हा तिथल्या मावशींनी विचारलं, "काय हरवलंय डॉक्टर?" मावशी म्हणजे बाहेरच्या टेबलावर बसून नंबर पुकारणाऱ्या, दवाखाना उघडल्यापासूनच्या.

"गाणं हरवलंय. 'किल्ली'चे शब्द."

"एवढंच ना? तुम्ही त्या वर्षी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात रोज तेच गात होतात. दार पातळ आहे. माझ्या कानांचा चोथा झाला होता. लिहून घ्या."

दादाने मला फोन लावून स्पीकर चालू केला. मावशींनी 'पुढचा नंबर सहा' म्हणावं त्याच आवाजात सांगितलं:

"तुझी किल्ली राहिली माझ्या टेबलावर, तू गेलीस निघून, मी खुर्चीवर. हे पहिलं. शोधत आलो तुला मी साऱ्या गल्लीत, जीव माझा अडकला पितळी किल्लीत. हे दुसरं. दार तुझं बंद, मन माझं खुलं, दाढेवाणी हललं नि मुळासकट आलं. हे तिसरं. आणि मधे मधे तुम्ही 'ओ हो हो' करायचात, ते मी करणार नाही."

मी कागदावर उतरवून घेतलेलं पुन्हा एकदा वाचलं.

"दादा," मी म्हणाले, "हे असंच होतं?"

"असंच होतं," तो क्षीण आवाजात म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे त्याच्या घरी जमलो. बैठकीच्या खोलीत, छोट्या स्पीकरवर, मामाने सोफ्याच्या हातावर ताल धरून, आम्ही मूळ 'किल्ली' वाजवलं. तार तुटली नाही, कुणी आ केला नाही. तीन मिनिटं दहा सेकंद. वहिनी खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. 'दाढेवाणी हललं'पाशी तिच्या ओठाचा कोपरा थरथरला. मला वाटलं, आता रडणार. 'मुळासकट'ला ती फुटलीच, पण हसून. पोट धरून, खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली.

"हे इतकं वाईट होतं?" तिने डोळे पुसत विचारलं. "मी नऊ वर्षं लॅबमध्ये सगळ्यांना सांगतेय, माझ्यावर एक सुंदर गाणं आहे म्हणून!"

"मी तेव्हा लहान होतो," दादा म्हणाला. तो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

"आणि यातलं निम्मं खोटं आहे. कसली साऱ्या गल्लीत शोधाशोध? पत्ता तुझ्या रजिस्टरमध्ये होता. चार मजले चढून आलास, बोलता येत नव्हतं इतकी धाप लागलेली. मी शेजाऱ्यांकडच्या दुसऱ्या किल्लीने आधीच आत आले होते, मी पाणी दिलं. तू पाणी प्यायलास, किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि माझा पेला घेऊन पळून गेलास."

"पेला?" मामा म्हणाला.

"स्टीलचा. माझ्या आईने दिलेल्या सहांतला."

दादाचे कान लाल झाले. "तो दवाखान्यात आहे," तो हळूच म्हणाला. "त्यात पेशंट चूळ भरतात."

वहिनी पुन्हा घसरली. मग उठली, माझ्या पिशवीतून पेपर तपासायचं लाल पेन काढून घेतलं आणि मावशींनी सांगितलेल्या शब्दांच्या कागदावरचं दुसरं कडवं उभंआडवं खोडलं. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून तिने पाच मिनिटांत दुसरं लिहिलं:

चार मजले चढून आलास, धाप लागली भारी,
किल्ली दिलीस आणि माझा पेला नेलास घरी.

वायरमनने ते दोनदा वाचलं. "हे बरं आहे," तो म्हणाला. वायरमन नऊ वर्षांत कशालाच बरं म्हणाला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही कार्यक्रमाची सुरुवातच त्या छोट्या गाण्याने केली. वहिनी पहिल्या रांगेत बसली होती. लोकांना वाटलं, नवीन गाणं आहे. किल्ल्या बाहेर काढाव्यात की नाही ते कुणाला कळेना, म्हणून सगळे मुकाट्याने ऐकत राहिले. पेल्याच्या ओळीला आधी कुठेतरी एक खुदखुद झाली आणि मग ती शेवटच्या रांगेपर्यंत पसरत गेली. दादा गाताना वहिनीकडे बघत होता. ती लाजत वगैरे नव्हती, शब्द चुकतो का ते तपासत होती. चुकला नाही.

नंतर आम्ही एकेचाळीस मिनिटांचं रीतसर वाजवलं. तार कापली, आ केला, मी सतरा पेपर तपासले. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ मला येऊन म्हणाले, "नवीन गाणं चांगलं आहे हो. पण थोडं कच्चं वाटतं. पिकू द्या."

हे मी गाडीत सगळ्यांना सांगितलं. मामाने आरशात मागे पाहिलं. वायरमन विचारात पडला. दादा उत्साहाने पुढे वाकून म्हणाला, "मी काय म्हणतो, पेल्याच्या ओळीनंतर आपण जर—"

"नाही," वहिनी म्हणाली. रक्त काढताना ज्या आवाजात ती 'मूठ घट्ट' म्हणते, त्याच आवाजात. भल्याभल्या पैलवानांच्या मुठी त्या आवाजाने आवळल्या आहेत. दादा मागे टेकला आणि खिडकीबाहेर बघत बसला.