मुन्नाचा बैल

रीताने पर्समधून लाकडी बैल काढला, ओढणीने पुसला आणि चार्टपेपरवर आखलेल्या गुहेकडे बघत विचारलं,

"हा कुठी ठेवू?"

भुपेंद्रने बोट दाखवलं. तिच्या भावाची, मुन्नाची जागा अजून रिकामीच होती. गुहेच्या ऐन तोंडाशी, राक्षसाच्या समोर.

तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात तसला बैल होता तो, एका शिंगाने तुटका. लहानपणी मुन्ना त्याला दोरी बांधून फुलचूर गावभर ओढत फिरायचा. मोठा झाल्यावर खेळातला त्याचा ढालकरी म्हणून तोच बैल कागदावर उतरला. बाकीच्यांच्या सोंगट्या म्हणजे नुसता किरकोळ माल. स्वप्निलच्या जादूगाराला बाटलीचं झाकण, प्रेरणाच्या वैदिणीला शर्टाचं बटण. आणि काळजिभ्या नावाच्या पंखवाल्या अजगराला भुपेंद्रच्या आईचा अडकित्ता, जबडा उघडून ठेवलेला.

खेळ तसा साधा. भुपेंद्र गोष्ट सांगायचा आणि राक्षसाच्या बाजूने फासे टाकायचा. बाकीचे आपण काय करतो ते बोलायचे, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. आकडा जितका मोठा, तितका वार पक्का. भुपेंद्रच्या घरी वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी हे चालायचं. घोडे झाले तरी यांचा पोरखेळ सुटत नाही, असं त्याची आई म्हणायची आणि वर चहाही पाठवायची.

"मले समजावून सांगा," रीता म्हणाली. "तो कसा खेळे ते."

स्वप्निलने घसा साफ केला. खेळातल्या डावपेचांचं त्याला भारी वेड. एरवी बोलायला लागला की थांबवावं लागायचं.

"पह्यले पंख तोडाचे, दीदी. हा उडला का आपलं काही चालत नाही. अन् जवळ जवळ उभं नाही राहाचं, एका फुत्काऱ्यात सारेच जळते. मोठा मंत्र सुरुवातीले नाही टाकाचा. तीन मंत्र हा असेच झटकून टाकते. म्हनून लहान मंत्र फुकट घालवाचे, मंग मोठा."

"अन् मुन्ना?"

"मुन्ना धरून ठेवते."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने मान खाली घातली आणि झाकणाशी चाळा करत बसला.

धरून ठेवायचं, हा त्यांचा हुकमी डाव होता. लढाई हाताबाहेर गेली की ढालकरी म्हणायचा, "मी धरतो, निघा." त्याने तसं म्हटलं की कोणी वाद घालायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. बघितलं की पाळी जाते. नियम त्यांचा त्यांनीच केला होता आणि त्या नियमावर त्यांनी भलेभले राक्षस लोळवले होते.

थंडीत चौघे कचारगडच्या बाजूला डोंगर चढायला गेले आणि वाटेत आग्या मोहोळ उठलं. मुन्नाने गळ्यातला दुपट्टा सोडला, वळून उभा राहिला आणि तेच ओरडला. तिघे पळाले. कोणी वाद घातला नाही, कोणी मागे बघितलं नाही. पेटलेल्या माश्या एक माणूस अडवू शकत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या घटकेला तिघांच्या पायांनी खेळातलाच हुकूम ऐकला. ते उलटे फिरले तोवर फार उशीर झाला होता.

रीताला हे ठाऊक होतं. तेरवीच्या दिवशी प्रेरणानेच तिला रडत रडत सगळं सांगितलं होतं. आणि काल तिचाच फोन आला, की मुन्नाची अर्धी राहिलेली लढाई पुरी करा, मी येतो त्याच्या जागी.

भुपेंद्रला रात्रभर झोप नव्हती. गोष्ट सांगणाऱ्याच्या पुढ्यात एक पुठ्ठा उभा असतो आणि त्याचा फासा पुठ्ठ्याआड पडतो. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. फासा काहीही पडो, आज मुन्ना जिंकणार. याहून जास्त काही त्याच्या हातात नव्हतं.

"काळजिभ्यानं पंख पसरले," त्याने सुरुवात केली. आवाज पहिल्यासारखा चढत नव्हता. "गुहेत धूर झाला. मुन्ना सगळ्यात समोर. पाळी त्याची आहे."

"मारा दीदी," प्रेरणा हळूच म्हणाली. "डाव्या पंखावर. मी मागं आहो, जखम भरून देतो."

रीता बैलाकडे बघत राहिली.

"मुन्ना पळते," ती म्हणाली.

"आँ?"

"पळून जाते. गुहेच्या बाहेर."

"तो कधीच पळत नव्हता, दीदी," स्वप्निल म्हणाला.

"मालूम आहे मले. आज पळते."

"पन तो गेला त आमचं..."

"तुम्ही नाही पळाले का?" रीताने आवाज चढवला नाही. "मंग त्यालेच काऊन नाही पळू देत?"

खाली कोणीतरी नळ सोडला होता, त्याचा आवाज येत राहिला. प्रेरणाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"पाठ दाखवली का राक्षस एक वार करते," भुपेंद्र म्हणाला. "तसा नियम आहे."

"कर."

त्याने पुठ्ठ्याआड फासा टाकला. पुरे वीस पडले.

"हुकला," तो म्हणाला.

रीताने बैल उचलला आणि कागदाच्या बाहेर फरशीवर ठेवला. "निघाला?"

"निघाला, दीदी."

तिचे खांदे सैल पडले. कितीतरी दिवसांनी तिने पोटभर श्वास घेतला.

आता पाळी स्वप्निलची. ढालकरी नाही म्हटल्यावर शहाण्या माणसाने काढता पाय घ्यावा, हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? त्याने झाकण उचललं आणि बैलाच्या रिकाम्या जागेवर नेऊन ठेवलं.

"मी धरतो," तो म्हणाला.

"स्वप्निल, एका फुत्काऱ्यात जाशील," भुपेंद्र म्हणाला.

"जाऊ दे."

प्रेरणाने बटण सरकवून झाकणाला अगदी चिकटवून ठेवलं. जवळ जवळ उभं राहायचं नाही, हा पहिलाच धडा. तिने भुपेंद्रकडे बघितलंही नाही.

भुपेंद्रने फासा टाकला. पुठ्ठा होता, खोटं बोलायला काय लागतं? पण या दोघांना आज खोटं नको होतं, आणि त्यांच्या जागी असता तर त्यालाही नको असतं.

"जळाले," तो म्हणाला. "दोघंही."

स्वप्निलने झाकण उचललं, प्रेरणाने बटण. कागदावर एकटा अडकित्ता उरला.

"आता कोन जिवंत आहे?" रीताने विचारलं.

"मुन्ना."

"अन् त्याच्या संग?"

"कोनी नाही, दीदी."

फरशीवर बैल गुहेकडे पाठ करून उभा होता. रीताने त्याच्याकडे बघितलं आणि मग या तिघांकडे. स्वप्निलची दाढी वाढून गळ्यापर्यंत आली होती. प्रेरणाच्या हातातलं कडं कोपरापर्यंत घसरत होतं. भुपेंद्र कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. मुन्ना गेल्यापासून ती यांना रस्त्यात टाळत आली होती. धड बघत होती ती आजच.

"तुमच्यावानीच येऊन राहिला असता घरी," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

तिने बैल उचलला. थोडा वेळ मुठीत धरून ठेवला, तुटक्या शिंगावरून अंगठा फिरवला. मग तो आधी कागदावर होता तिथेच परत ठेवला, गुहेच्या तोंडाशी, अडकित्त्याकडे तोंड करून.

"अंदर कोनी राहिलं नाही, दीदी," भुपेंद्र म्हणाला. "वाचवाले कोनीच नाही आता."

"मालूम आहे."

"मंग कायले?"

"तो गेलाच असता परत," रीता म्हणाली. "टाक तू फासा."

भुपेंद्रने मधला पुठ्ठा आडवा केला, बाजूला सारला आणि सगळ्यांना दिसेल असा फासा टाकला.