वेळेआधी पडलेला टोल

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, वेदरबी कॉलेजच्या फुटबॉल मैदानाच्या टोकाला, गोलखांबांच्या शेजारी मी टांगलेली असते. हा फुटबॉल अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळण्याचा. तास संपला म्हणून वाजणाऱ्यांतली मी नव्हे. आमचा संघ जिंकला तरच मी वाजते. जितके गुण तितके टोल, आणि दोर ओढायचा तो शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंनी. हा इथला रिवाज आहे आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

तरुणपणी मी वाफेच्या इंजिनावर होते. मक्याच्या शेतांमधून जाताना माझा आवाज ऐकून गायी रुळांवरून बाजूला होत. पुढे डिझेलची इंजिने आली आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून कॉलेजच्या पोरांनी मला ट्रॅक्टरवरून मिरवत आणले. किती वर्षे मी मनसोक्त वाजले!

मग संघ हरू लागला आणि हरतच राहिला. माझ्या पोटात गांधीलमाश्यांनी घर केले. पाहुण्या संघाची पोरे जाता जाता मला टिचक्या मारत. पहिल्या रांगेत घोंगडी पांघरून बसणारा म्हातारा दुकानदार वर्लिन तर ओरडायचा, "त्या घंटेत फुलझाडं लावा रे! निदान काहीतरी उगवेल." मला संताप यायचा, पण दोर ओढल्याशिवाय मला कुठले तोंड?

अशात नवे मुख्य प्रशिक्षक आले, रूबेन टॉलिव्हर. पहिल्याच दिवशी त्यांनी शिडी लावली, गांधीलमाश्यांचे घर काढले आणि मला लख्ख घासले. मी सुखावले. आणि लगेच त्यांनी माझा दोरच काढून घेतला!

"टोबिन, इकडे ये," त्यांनी हाक मारली. टोबिन शेवटच्या वर्षाचा, धिप्पाड. चेंडू मागे द्यायचा आणि समोरच्याला अडवून धरायचे, हे त्याचे काम. छायाचित्रे छापून येतात ती चेंडू घेऊन पळणाऱ्यांची.

"ही घंटा कधी वाजवलीस का रे?"

"एकदाही नाही, कोच."

"मग दोर तुझ्याकडे ठेव. जिंकलास की आणून अडकव. नाही जिंकलास, तर जाताना घरी घेऊन जा."

हा मोसम रिकामा गेला तर मी कायमची मुकी होणार होते.

पहिल्या सामन्यात आमचा धुव्वा उडाला. कोच ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना पुन्हा अडवायलाच शिकवले, अगदी पाय कुठे रोवायचा इथपासून. सामने हरतच होतो, पण हरण्याची तऱ्हा बदलली. एकदा तर वर्लिन पुटपुटला, "आज शेवटपर्यंत थांबावंसं वाटलं बुवा." टोबिन मात्र दर सामन्याला दोर कमरेला गुंडाळून यायचा आणि मान खाली घालून परत जायचा.

शेवटचा सामना नदीपलीकडच्या कॉलेजशी होता. हाडे गोठवणारी थंडी होती. लोक वाफाळती चिली, म्हणजे राजमा घातलेला मांसाचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल घेऊन बसले होते. आमचे चौदा गुण, त्यांचे बारा, आणि शेवटचे काही सेकंद. चेंडू समोरच्यांकडे असला की आमची दुसरी फळी खेळते, म्हणून टोबिन बाकावर होता. त्यांनी चेंडू लांब फेकला आणि कुणालाही न झेलता येता तो गवतावर पडला.

"संपलं! जिंकलो!" टोबिन ओरडत माझ्याकडे धावला. त्याच्या मागे अख्खा बाक मैदानात उतरला. त्याने दोर अडकवला आणि जीव खाऊन ओढला. टण्ण! माझे सगळे अंग थरारले.

पण घड्याळात एक सेकंद उरला होता. पंचांनी पिवळा रुमाल फेकला. सामना संपण्याआधी मैदानात घुसल्याबद्दल आम्हाला दंड झाला आणि चेंडू पंधरा यार्ड आमच्या खांबांजवळ आला. आता चेंडू लाथेने खांबांमधून पार केला की त्यांना तीन गुण आणि सामना त्यांचा.

"अरे गाढवा, घड्याळ तरी बघायचंस!" वर्लिन कळवळून ओरडला.

टोबिनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "कोच, मला आत, कपडे बदलायच्या खोलीत पाठवून द्या. तोंड दाखवायची लाज वाटते."

"वाजवलीस तू, आणि निस्तरायचं कुणी? मी? हेल्मेट घाल. मधोमध उभा राहा, आणि ज्या हाताने दोर ओढलास तो हात वर कर."

टोबिनने पाय रोवला. समोरच्या दोघांना त्याने अक्षरशः रेटत मागे नेले आणि हात उंचावला. त्यांनी लाथाडलेला चेंडू त्याच्या तळव्यावर आपटून खाली पडला. या वेळी घड्याळही संपले होते.

मग मी वाजले! टोबिन दोर ओढत होता आणि वर्लिन घोंगडी फेकून देऊन टोल मोजत होता. तेरावा टोल पडला आणि कोचनी दोर धरला. "बस. एक तू आधीच वाजवलायस." सगळे मैदान हसले, टोबिन रडता रडता हसला. इतक्या वर्षांत इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

दोर आता माझ्याजवळच असतो. मित्रांनो, तुमच्या मैदानाच्या कडेलाही माझ्यासारखे एखादे जुने, मुके काहीतरी असेल. त्याला अधूनमधून पुसा. आणि उतावीळपणे कुणी वेळेआधी दोर ओढलाच, तर त्याला घरी पाठवू नका. त्याला मधोमध उभे करा.