बिनलोखंडाचं पातं

देवराम एसटीत कंडक्टर, ड्युटी मुरबाडला, आणि वेड कलमांचं. वेड कुणाला नसतं, पण याला जरा जास्तच होतं. टोकावड्याच्या अलीकडे त्याचं घर. मागच्या परड्यात एकाच झाडावर हापूस, पायरी, केसर, आणि चौथ्या फांदीवर घाटाखालच्या कुठल्याशा वाडीतून आणलेला रायवळ, असा त्यानं संसार मांडला होता. रजेच्या दिवशी लोक लग्नकार्याला जातात, हा कलमाच्या काड्या आणायला जायचा. गावात त्याला तोंडावर ‘कलमवाले’ म्हणत, पाठीमागं काय म्हणत ते सोडा. हाताला मात्र गुण होता. त्यानं बांधलेलं कलम सहसा मरत नसे.

तर असा हा माणूस, आणि एका झाडाची काडी त्यानं उभ्या जन्मात घेतली नव्हती. ते झाड त्याच्याच शेताच्या बांधावर, रस्त्याला लागून होतं. त्याला पोरीचा आंबा म्हणत.

पोर म्हणजे त्याची आणि त्याच्या बायकोची, बाईजाची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली आणि बारशाच्या आधीच गेलेली. तिला नावसुद्धा मिळालं नाही. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. देवरामच्या आईनं बांधावरची जागा दाखवली, वर आंब्याचं रोप लावायला लावलं आणि सगळ्यांदेखत बजावलं, या झाडाला लोखंड लावायचं नाय, पोरीला लागेल. पुढं म्हातारी गेली. दुसरं मूल झालं नाही. आंबा मात्र वाढत गेला, फळाला आला. ना त्याला कधी कोयती लागली, ना कुऱ्हाड. फळं काढायची तीसुद्धा बिनपात्याच्या, नुसत्या जाळीच्या झेल्यानं, हलक्या हातानं. एकदा तारेला फांदी लागते म्हणून वायरमन कोयता घेऊन आला, तर बाईजा खोडाला मिठी मारून उभी राहिली आणि काही केल्या हलेना. तो बिचारा खाली मान घालून परत गेला.

देवरामनं ते पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं, की बाईजाचा जीव म्हातारीच्या त्या शब्दात अडकलाय, लोखंड काही ती लागू द्यायची नाही. तिला विचारलं मात्र नाही. त्या घरात पोरीविषयी बोलायची सोयच नव्हती. हा विषयाच्या जवळपास आला की बाईजा उठून चुलीकडे जायची, आणि ती जवळपास आली की हा परड्यात. वर्षानुवर्षं दोघं अशी एकमेकांना वाट करून देत राहिली. याला समजूतदारपणा म्हणायचं की अजून काही, ते तुम्हीच ठरवा.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. ऐन लावणीच्या आधी माणसं आली, रस्त्याकडेच्या झाडांवर तांबड्या रंगानं आकडे घालून गेली. पोरीच्या आंब्यावरही आकडा पडला. देवरामनं अर्ज केला, हातापाया पडून पाहिलं, साहेब लोक गोड बोलले आणि काही झालं नाही. झाड जाणार हे ठरलं. कधी, एवढंच ठरायचं होतं.

आता कलमवाल्याला यात काय करायचं ते सांगावं लागतं का? कोय लावली तर झाड येतं, पण ते त्या झाडाचं लेकरू, त्याची तऱ्हा वेगळी. कलम म्हणजे तेच झाड, तोच जीव, फक्त दुसऱ्या रोपाच्या खुंटावर. पोरीच्या आंब्याची एक काडी परड्यातल्या खुंटावर जगली, की रस्ता खुशाल होऊ दे, पोर घरी आली. देवरामला हे दिवसरात्र दिसत होतं. पावसाळा तोंडावर होता, कलमाचा मोसम तोच. काड्या टचटचीत भरल्या होत्या. सगळं जुळून आलं होतं, आणि घोडं अडलं ते लोखंडावर.

त्यानं बांबूची कामटी घासून पाहिली. तिनं साल चिरडली. भाचीच्या घरची पांढरी, चिनी मातीची सुरी आणून पाहिली. ती भाजीला बरी, पण तिला दोन्ही बाजूंनी धार, आणि कलमाला काप हवा आरशासारखा सपाट, नाहीतर काडी खुंटाला चिकटत नाही. मग भाचीनंच, सोनालीनं, मोबाइलवर शोधून दाखवलं. परदेशी बनावटीचा खास कलमाचा चाकू, पातं भाजलेल्या मातीचं, एका बाजूनं सपाट, लोखंडाचा कण नाही. किंमत वाचून देवरामनं चष्मा काढून पुसला. तेवढ्या पैशात घरावरचे पत्रे बदलून झाले असते. सोनालीनं विचारलं, घेऊ का मामा? मामा म्हणाला, थांब जरा.

हे ‘थांब जरा’ मग पावसाळाभर पुरलं. तो मुरबाडच्या लडकूकडे गेला. लडकूची नर्सरी, हजारो कलमं त्याच्या हाताखालून गेलेली, आणि दोघांची जुनी दोस्ती. लडकू पोट धरून हसला. म्हणाला, हे पातं एकदा हातातून पडलं की काचेसारखं तडकतं. साधं पातं स्पिरिटमध्ये बुडव आणि काप, झाडाला काय कळतंय कसलं पातं आहे ते. कुणाला मिरवायचंय तुला? देवरामला खरं कारण सांगता आलं नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पोरीला लागेल म्हणून मातीचं पातं शोधतोय, हे तोंडातून निघणार कसं? तोही उगाच हसला आणि चहा पिऊन परत आला.

घरी आला की पुन्हा जीव खालीवर व्हायचा. कधी वाटायचं, लडकूचं बरोबर आहे, हे शुद्ध खूळ आहे, उद्या आपला नेहमीचा चाकू घ्यायचा, बाईजा रानात गेली की काडी कापायची, तिला कळणारही नाही. चाकू खिशात घालून तो झाडाखाली जायचा. तिथं उभा राहिला की हात खिशातून बाहेर यायचा नाही. कधी वाटायचं, घेऊन टाकू, पैशाचं काय एवढं. पण घेतला आणि पात्यानं दगा दिला तर? घेतला आणि बाईजानं विचारलं, हे कशाला, तर? मग तिच्यासमोर पोरीचं नाव काढावं लागणार, आणि पोरीला तर नावच नव्हतं. असं करता करता श्रावण सरला, मोसम गेला. लोक म्हणायला लागले, रस्त्याची कामं कधी वेळेवर होतात काय, अजून दोन पावसाळे झाड हलत नाही. देवरामला तेवढंच हवं होतं. पुढच्या पावसाळ्यात बघू, असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली.

या दिवसांत बाईजा काय करत होती? तर काही नाही. तिनं परड्यात येऊन एकदा खुंटाच्या पिशव्या पाहिल्या, त्यातली एक उन्हातून सावलीत ठेवली आणि एवढंच विचारलं, की यंदा कशाची कलमं बांधणार. देवराम म्हणाला, बघू, अजून ठरलं नाय. ती थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली. अरे बाबा, बायको परड्यात कधी पाऊल टाकत नाही, ती येऊन खुंट हलवते, विचारते, तर जरा मान वर करून तिच्याकडे बघावं की नाही? पण हा कलमाच्या पट्ट्या कापण्यात गुंग होता.

होळी झाली आणि मशीनं अलीकडच्या वळणापर्यंत आली. तेव्हा कुठे देवरामचे डोळे उघडले. त्यानं स्टँडवरूनच सोनालीला फोन केला, म्हणाला, तो चाकू मागव, असेल त्या किमतीला. मागवला. तो निघाला, कुठंतरी अडकला, पुन्हा निघाला. आणि तो वाटेत असतानाच एका दुपारी ड्युटीवरून येताना देवरामला बसच्या खिडकीतून दिसलं, की आपल्या बांधावर आभाळ मोकळं झालंय.

झाड आडवं पडलं होतं. कैऱ्यांनी लगडलेलं होतं, पोरंबाळं कैऱ्या वेचत होती. खोडाचे तुकडे चालले होते. त्याखालची माती, जिच्यात ती होती, ती मशीननं उचलून पुढच्या भरावात टाकलीसुद्धा होती. कुठल्या ढिगात गेली हे सांगायला कुणी नव्हतं. देवराम गणवेशातच त्या फांद्यांत घुसला आणि शेंड्याच्या काड्या हातानं मोडू लागला. हातानं, हं. सगळ्या झाडातून आरा फिरलेला, लोखंडानं त्याची चाळण केलेली, आणि हा अजून हातानं काड्या मोडतोय. मोडल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, घरी नेल्या आणि चाकूची वाट बघत बसला. खिशात धारदार चाकू होता. तो त्यानं काढला नाही. माझं ऐकाल तर त्याला वेडा म्हणू नका. झाडाला लागायचं ते लागलं होतं, निदान आपल्या हातून लागू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

चाकू आला तोवर काड्या मलूल पडल्या होत्या. पण पातं काय होतं म्हणून सांगू! लोण्यातून जावं तसं गेलं, काप असा पडला की देवराम बघतच राहिला. जन्मात इतकं सुरेख कलम त्यानं बांधलं नव्हतं. होते तेवढे सगळे खुंट त्यानं वापरले, पट्ट्या आवळल्या, वर प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या आणि ऊन लागू नये म्हणून पिशव्या पडवीत आणून ठेवल्या. रोज पाणी बाईजाच घालायला लागली.

एकामागून एक काड्या काळ्या पडल्या. एक तेवढी हिरवी राहिली. तिचा डोळा फुगला, फुटला आणि त्यातून तांबूस, बोटाच्या पेराएवढी कोवळी पालवी बाहेर आली. बाईजा सकाळी उठली की आधी तिच्यापाशी जाऊन बसायची. देवराम जाणता होता. काडीच्या अंगात उरलेल्या रसावरसुद्धा डोळा फुटतो, खुंटाशी जुळणी झालेली नसली तरी फुटतो, हे त्याला ठाऊक होतं. ते त्यानं बाईजाला सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा सांगितलं नाही म्हणा ना. ऊन तापत गेलं, आणि एका सकाळी ती पालवी मान टाकून पडली होती. हात लावला तर काडी खुंटावरून अलगद सुटून आली.

दोघं पडवीत बसली. मग देवराम बोलला. एवढ्या वर्षांत पोरीविषयी पहिल्यांदा बोलला. सांगितलं, की गेल्या पावसाळ्यातच करायचं होतं, काड्या चांगल्या होत्या, पण लोखंड लावायचं नव्हतं, आणि हा चाकू घ्यावा की न घ्यावा यातच मोसम निघून गेला.

बाईजा त्याच्याकडे वळली. म्हणाली, “लोखंडाचं तुमची आई बोलली होती. मी कधी बोलले?”

“तो वायरमन आला तवा तू खोडाला धरून...”

“फांदी तोडत होता ना तो. फांदी नेऊन फेकली असती त्यानं. तुमी काय फेकणार होता? तुमी लावणार होता ना?” तिचा आवाज चढला नाही. “मी वाट बघत होते, तुमी काडी कधी घेताय. परड्यात येऊन विचारलं पण. तुमी बोललात, ठरलं नाय. मला वाटलं, तुमाला आता ती नको झालीय. जाऊ दे म्हटलं, एकटीनं कितीक दिवस धरून ठेवायची.”

देवराम कसाबसा म्हणाला, “तिला लागंल, असं आई बोलली होती गो. म्हणून...”

“ती जन्मली तवा तिची नाळ कशानं कापली?” बाईजा म्हणाली. “सुईणीनं पात्यानंच कापली ना? माझ्यापासून तोडली तिला, तरी होते तितके दिवस जगली ना ती?”

मग ती रडू लागली. पोर गेली तेव्हा सासूच्या धाकानं रडायचं राहिलेलं, ते सगळं आता आलं. देवरामनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यालाही आवरेना. रस्त्यावरून खडीचे डंपर एकामागून एक चालले होते.