डाव्या बाजूची खळ

सुरत हे पॉलिस्टरवर पोट भरणारं शहर आहे आणि माझी बायको सुलभा इथे रोज कॉटनची साडी नेसते. नुसती कॉटनची नाही, खळ घातलेली. ब्लाउजही खळीचा. लिंबायतच्या मराठी शाळेत ती विज्ञान शिकवते आणि तिचं म्हणणं असं, की लोंबत्या पदराच्या बाईंचं सातवीची पोरं ऐकत नाहीत. मी बँकेतून रिटायर झाल्यापासून खळ आणि इस्त्री हे खातं माझ्याकडे आलं. भाताची पेज काढायची, गाळायची, पातळ करून त्यात कपडे बुडवायचे. बँकेपेक्षा बरं काम आहे, कपडे उलटून बोलत नाहीत.

सुलभाला थायरॉईड आहे. डिंडोलीतल्या आमच्या सगळ्या बिल्डिंगला हे ठाऊक आहे, कारण मीच सांगितलंय. थायरॉईड हा तसा सोयीचा आजार. उठल्याबरोबर गोळी घ्यायची, चहा उशिरा प्यायचा आणि चिडचिड झाली की ती त्याच्या नावावर टाकायची. चारचौघात सांगताही येतो.

खालच्या मजल्यावर इंदुबाई राहतात, धुळ्याकडच्या. त्यांचा नवरा पलसाण्याला डाईंग मिलमध्ये आहे आणि मोबाईल इंदुबाईंच्या हातात आहे. गेल्या वर्षी नवरात्रात त्या एक व्हिडिओ आणि टिंक्चर आयोडीनची बाटली घेऊन वर आल्या. व्हिडिओत टाय लावलेला एक माणूस सांगत होता, की थायरॉईड आयोडीनसाठी तहानलेला असतो. "आन् छातीबी," इंदुबाईंनी आवाज खाली आणून भर घातली. अंगावर आयोडीनचा ठिपका काढायचा. सकाळपर्यंत उडाला तर शरीराला कमी पडतंय असं समजायचं आणि लावत राहायचं. गाठीसुद्धा विरघळतात म्हणे.

"यान्हाघाईच मन्ही गाठ बरी व्हयनी, मास्तरीनबाई!"

इंदुबाईंची ही बरी झालेली गाठ मानेवर होती. मी ती पाहिली होती. ते गळू होतं.

सुलभाने बाटली घेतली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक ठिपका काढला. दुसऱ्या दिवशी तो फिका पडलेला तिने इंदुबाईंना वर बोलावून दाखवला. "आता भिंतीला गोळी सुरू करू का?" असं विचारलं. आयोडीन हवेत उडून जातं, त्यावरून शरीराचं काही कळत नाही, आणि जेवणातल्या मिठातून मिळतं तेवढं आपल्याला पुरतं, हे तिने वर्गात सांगावं तसं सांगितलं. इंदुबाई रुसून गेल्या, बाटली मात्र राहिली. मला बायकोचा फार अभिमान वाटला आणि मी ही गोष्टही बिल्डिंगभर सांगितली.

संक्रांत झाली. गच्चीवरचा मांजा गोळा करून झाला आणि साठलेले कपडे मी भिजवायला काढले. दिवाळीपासून ब्लाउज सुलभा स्वतःच धुऊन खळ घालून टाकायची, या वेळी सणात ते राहून गेले होते. सुलभाच्या पांढऱ्या ब्लाउजवर डाव्या बाजूला आतून एक काळानिळा डाग होता. शाई म्हणावी तर ती वह्या लाल पेनाने तपासते. दुसरा ब्लाउज पाहिला, त्यालाही तिथेच डाग. तिसऱ्यालाही. मला आधी राग आला, कारण असले डाग काढायचे मलाच होते.

मग मला बटाटा आठवला. दरवर्षी सुलभा शाळेत बटाट्याची फोड नेते, त्यावर आयोडीनचा थेंब टाकते आणि फोड काळीनिळी होते. पिठूळ पदार्थावर आयोडीनचा रंग असा होतो, हे ती घरी माझ्यावर आधी म्हणून बघते. मी बाथरूमच्या कपाटातून ती बाटली काढली. अर्ध्याच्या वर संपली होती. पातेल्यातल्या उरलेल्या पेजेत एक थेंब टाकला. पेज काळीनिळी झाली. पातेलं तसंच ओट्यावर ठेवून मी खुर्चीत बसलो.

संध्याकाळी ती आली, चप्पल काढली, ओट्याकडे पाहिलं.

"ही कसली पेज?"

"बटाट्याचा प्रयोग," मी म्हणालो. "ब्लाउजवर झालाय तो."

ती पाणी प्यायली. भांडं धुऊन पालथं घातलं.

"गाठ आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या साफसफाईत हाताला लागली. दुखत नाही."

"मला सांगायचं नाही?"

"अहो, तुम्ही माझा थायरॉईड लिफ्टमध्ये सांगता. हे कुठे सांगितलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि डॉक्टरला?"

"वार्षिक परीक्षा झाल्या, की जाणार होते."

मग मात्र माझा तोल गेला. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान! भिंतीवर ठिपका काढून त्या बाईचा अपमान केलास, आणि स्वतः रोज तेच फासतेस? तुला माहीत नाही का त्याने काही होत नाही?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "वर्गात माहीत आहे. आंघोळीच्या वेळी दार लावलं, की भीती वाटते हो. मग काहीतरी लावावंसं वाटतं."

ती रडली. मीही रडलो. मग तिने ते पातेलं घासायला घेतलं, कारण डाग बसला असता.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत रजा टाकली. दवाखान्यात डॉक्टरबाई गुजराती होत्या, वयाने आमच्या मुलीएवढ्या. मला पडद्याबाहेर बसवलं होतं, पण सगळं ऐकू येत होतं.

"आ शेना डाघ छे?"

"आयोडीन," सुलभा म्हणाली.

"बेन, तमे शुं करो छो?"

"विज्ञान भणावुं छुं."

डॉक्टरबाई पुढे काही बोलल्या नाहीत, ही त्यांची मोठी कृपा. नंतर मला आत बोलावून त्यांनी समजावलं, की याने गाठ विरघळत नाही, फक्त दिवस जातात, आणि फार चोपडलं तर थायरॉईड बिघडू शकतो तो वेगळा. गाठीत सुई घालून तपासणी झाली. कॅन्सर निघाला. अजून काखेपर्यंत गेला नव्हता, पण दिवाळीत आला असतात तर थोडक्यात भागलं असतं, असं त्यांनी सांगितलं. डावा स्तन काढावा लागला.

स्तन हा शब्द मी आयुष्यात मोठ्याने उच्चारला नव्हता. सुलभाने मात्र घरी आल्यावर इंदुबाईंना तोच सांगितला, जिन्यात उभं राहून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा. मला म्हणाली, "आता लिफ्टमध्ये हे सांगा." मी सांगितलं. इंदुबाई पुढच्या आठवड्यात स्वतःची तपासणी करून आल्या. त्यांना काही निघालं नाही, तरी पेढे घेऊन वर आल्या.

औषधांनी तिचे केस गेले, मग थोडे परत आले. या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती पुन्हा शाळेत जायची होती. आदल्या दिवशी मी पेज काढली. ती तोच पांढरा ब्लाउज घेऊन आली. डाग बऱ्यापैकी गेला होता. तिने तो अंगाला लावून आरशात पाहिला. डावीकडे कापड आत पडत होतं.

ब्लाउज माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "या बाजूला खळ जरा जास्त घाला."

मी पेजेत पाणी घातलंच नाही.