समुद्राची डिग्री

रुखवतात लोक चकल्यांचे डोंगर मांडतात, भरतकामाचे रुमाल मांडतात. चौसाळ्याच्या तुळजाबाईच्या विहिणीनं समुद्र मांडला. हातभर लांब काचेची पेटी, तळाला वाळू, दोन खडक, आणि मधे नारंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेला बोटाएवढा एक मासा. विहीण रत्नागिरीची, कुमुदिनीबाई. सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "खाऱ्या पाण्यातला आहे हो, नाजूक. तुमच्या बीडच्या उन्हात काही टिकायचा नाही. पण पोरीची हौस!"

तुळजाबाई ऐकून घेणारी थोडीच. "आमच्या उन्हात माणसं टिकत्यात विहीणबाई. माशाचं काय घिऊन बसलात?"

बोलून तर बसली. पण त्या साली पावसानं तोंड फिरवलं. विहिरी तळाला गेल्या, जनावरं चारा छावणीत गेली, आणि तुळजाबाईनं बाया गोळा करून उभी केलेली दूध संस्था जेमतेम दोन कॅनवर आली. माणसाला टँकरचं पाणी आणि माशाला समुद्राचं, असा घरात थाट होता.

ऐन उन्हाळ्यात सून वैदेही परीक्षेला अंबाजोगाईला निघाली. जाताना तिनं सासूला माशाचं सगळं समजावलं. पाणी तापलं की मासा गेलाच. काचेवर चिकटवलेल्या तापमापीचा आकडा अठ्ठावीसच्या वर चढू द्यायचा नाही. झाकण काढायचं आणि पाण्यावर पंखा लावायचा. वाऱ्यानं पाणी उडतं आणि उडता उडता बाकीच्याला गार करतं, माठासारखंच.

"उडालं तेवढं साधं पाणी घाला आत्या, जारमधलं. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका! हे वाक्य तुळजाबाईच्या पायात काट्यासारखं रुतलं. परीक्षा संपली की विहीण लेकीला माहेरी न्यायला येणार होती. तिच्या डोळ्यांदेखत मासा नाचला पायजे, असं तुळजाबाईनं मनाशी घेतलं.

झाकण काढलं तर मासा उडी मारील, म्हणून तिनं वर कांद्याच्या गोणीची जाळी ताणून बांधली. पंखा लावला. दुपारी लाइट गेली की तीन बाजूंनी ओलं गोणपाट लावायचं, बर्फ झालेली पाण्याची बाटली बूच आवळून आत सोडायची, आणि हातपंखा घेऊन बसायचं. शेजारची छबुबाई दारातूनच म्हणाली, "अगं, नवऱ्याला कदी इतका वारा घातला न्हाईस!"

"नवरा असा पट्ट्यापट्ट्याचा असता तर घातला असता."

आकडा सत्तावीसच्या पुढं सरकला नाही. कुणीही इथं समाधान मानलं असतं. पण तुळजाबाईच्या फडताळात लॅक्टोमीटर पडून होता. दुधात सोडला की पाणी मिसळलंय का ते सांगणारा. संस्थेत दूध घ्यायला ती स्वतः उभी राहायची. पाणी मिसळलेल्या दुधात नळी जास्त बुडते; आकडा सव्विसाच्या खाली आला, की सख्ख्या जावेचं दूध असलं तरी परत पाठवायची. शाळा दोन इयत्ता, पण त्या काचेच्या नळीवरचा आकडा, संस्थेच्या भाषेत डिग्री, तिला झोपेतही वाचता यायचा. आता ती दोन कॅनंही बंद झाली होती, नळी रिकामी होती, आणि हात शिवशिवत होते. तिनं पेटीतलं पाणी भांड्यात घेतलं आणि नळी सोडली.

चोवीस!

"अगं बया," तुळजाबाई छबुबाईला म्हणाली, "विहिणीनं समुद्रात बी पाणी घातलंय!"

मग तिनं ते सुधारायला घेतलं. उडालेल्या पाण्याच्या जागी जारचं पाणी घालायचं, पण त्यात मूठभर खडेमीठ विरघळवून. रोज नळी सोडून बघायची. चोविसाची डिग्री चढत चढत तिसावर आली. असलं सरस पाणी रत्नागिरीच्या बापानं बघितलं नसंल, म्हणून ती स्वतःवर खूश झाली.

विहीण यायच्या आदल्या दिवशी मासा खडकाला टेकून पडला. कल्ले धापा टाकल्यासारखे उघडमीट करत होते. तुळजाबाईनं तापमापी बघितली, पाणी गार. पंखा बघितला, चालू. शेवटी तिनं सुनेला फोन लावला.

"वैदेही, मासा आडवा झालाय गं. पानी गार हाय. डिग्रीबी तिसावर आणलीय."

"कसली डिग्री, आत्या?"

तुळजाबाईनं सांगितलं.

"आत्या, उडतं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. आता एक तांब्या काढा, एक तांब्या साधं घाला. मग थांबा. मग परत. घाई करू नका, एकदम बदललं तर सोसायचं नाही." मग आवाज खाली घेऊन ती म्हणाली, "आईचं टेन्शन घेऊ नका. ऊन फार होतं, असं सांगू आपण."

तुळजाबाई कामाला लागली. त्या दिवशी टँकर आला नव्हता. घरात होता तो एकच जार, विहिणीसाठी राखलेला. तोही फोडला. तांब्या काढ, तांब्या घाल. जन्मभर जिनं पाणी घालणाऱ्यांची कॅनं परत केली, तीच आता तांब्यानं पाणी घालत होती आणि नळी बुडत चालली की मनात साखर वाटत होती.

सकाळी कुमुदिनीबाई लेकीला अंबाजोगाईहून बरोबर घेऊनच आली. चप्पल काढली ती थेट पेटीशी. मासा खडक सोडून वर आला होता, पण पोहण्यात जोर नव्हता. आजारातून उठलेल्या माणसासारखा इकडून तिकडं जात होता.

"बघा, मलूल झालाय," विहीण म्हणाली. "मी लग्नातच म्हटलं होतं. तुमचं हे ऊन—"

वैदेही सासूकडं बघत होती. उत्तर तयार होतं, नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. तुळजाबाईनं तोंड उघडलं, आणि व्हय काही ओठांवर येईना. पोरांनी, बैलांनी, बायांनी ज्या उन्हात दिवस काढले त्याच्यावर या बाईसमोर खापर फोडायचं?

"उनाला नावं ठिवू नका," ती म्हणाली. "उनाला मी याच्याजवळ फिरकूबी दिलं न्हाई. हे मी केलंय. मीठ घातलं मी."

"मीठ? समुद्राच्या पाण्यात? कशाला हो?"

"तुमचा समुद्र मला पातळ वाटला."

कुमुदिनीबाईला हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता घामाघूम झाली, आणि पदरानं तोंड पुसत तिनं पंख्याचं तोंड आपल्याकडं वळवलं.

तुळजाबाईनं ते परत पेटीकडं फिरवलं.

"पंखा त्याचा हाय. तुमी वसरीत बसा, तितं वारं येतंय."