तुळशीच्या लग्नापर्यंत

स्वरदानं रंगांचं पुस्तक उघडून थेट माझ्या मांडीवर ठेवलं, तेव्हा मी मेथी निवडत होते आणि हाताला माती होती.

"आई, नव्या घरातल्या बाकीच्या खोल्यांचं मी पाहून राहिली. तुमच्या खोलीचा रंग मात्र तुम्हीच सांगा. तुमच्या मनासारखा."

मनासारखा! साठी उलटली माझी, आणि भिंतीच्या रंगाचं मला कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. सून गुणाची आहे, उगाच कशाला नावं ठेवू. मी पदराला हात पुसले, चष्मा लावला. पानोपानी रंगच रंग. आणि काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, बोट आपलं आपणच एका करड्या चौकोनावर जाऊन बसलं.

"हा घे," मी म्हटलं. "मळखाऊ आहे."

"अय्या आई!" स्वरदा टाळी वाजवून ओरडली. "हाच तर सध्या चालून राहिला सगळीकडे! ॲश ग्रे! अनिमेष, देख ना, आईंनी काय निवडलं!"

माझा मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "अरे वा, मम्मी तो एकदम ट्रेंडी निकली." अनिमेषला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. रायपुरात वाढलेल्या पोरांचं हे असंच.

झालं. माझ्या एका बोटानं नव्या फ्लॅटचा निकाल लागला. बैठकीत करडा, स्वयंपाकघरात करडा, दोघांच्या खोलीत एका भिंतीवर त्रिकोणांची नक्षी, तीही करडीच. पडदे राखाडी, त्यावर पांढऱ्या रेघा. दोघं इतकी खूश होती की बोललेला शब्द मला मागे घेता येईना. मनात मात्र मी स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. बाई गं, जन्मभर ज्या रंगाला शिव्या दिल्या, तोच मागून घेतलास?

माझं लग्न झालं आणि मी वर्ध्याहून रायपूरजवळच्या बिरगावात आले. नीलकंठराव, म्हणजे आमचे हे, शेजारच्या उरला कारखानावस्तीतल्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते. दोन खोल्यांचं घर, आणि वर कारखान्यांचा धूर. सकाळी ओटा झाडला की दुपारी त्यावर पावलं उमटायची, काळी कुळकुळीत. पापड वाळत घालायचे तर वर धोतर पांघरायचं, आणि तरी ते मिरीचे पापड असल्यासारखे दिसायचे. त्यामुळे आमच्याकडे वस्तू विकत घ्यायची एकच परीक्षा, मळखाऊ आहे का? चादर कॉफी रंगाची, पडदे तपकिरी, सोफ्याचं कापड असं की त्यावर चहा सांडला तरी शोधावा लागेल. दुकानदार गुलाबी फुलं दाखवायला लागला की हेच आधी म्हणायचे, "भैया, डार्क में दिखाओ."

माझी थोरली बहीण शांताबाई रायपूर शहरात, तात्यापाऱ्यात राहायची. फॅशन आधी तिच्या घरी यायची. रबराच्या रोलरनं भिंतीवर वेलबुट्टी काढायची टूम निघाली, तिच्या घरी वेल चढली. मग छताला प्लास्टरची फुलं आली, मग एक भिंत केशरी. मी जायची, बघायची, भिंतीवरून हळूच हात फिरवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

"काय झालं वं?" हे विचारायचे.

"काई नाई झालं. आपल्या घरी काई वेल येते का? आपल्या घरी फक्त काजळी येते."

मला वेल नको होती खरं तर. मला हवी होती पांढरी भिंत. नुसती पांढरी, डोळ्यांना थंड वाटेल अशी. हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून दर दिवाळीला ते बाजारातून छुहीची ढेकळं आणायचे. इकडे खेडोपाडी घरं सारवायला वापरतात ती पांढरी माती. रात्रभर भिजवायचे, सकाळी कूच्यानं समोरची भिंत स्वतः पोतायचे. लक्ष्मीपूजनाला ती भिंत अशी काही दिसायची की मी दिवा त्याच भिंतीशी ठेवायची. पण ते सुख तुळशीच्या लग्नापर्यंत. तुळशीचं लग्न लागेतो भिंत पुन्हा करडी.

बरं, धुराला तरी बोल किती लावायचा? निम्मं काम हे स्वतःच करायचे. रातपाळीहून आले की दारात बूट काढताना डावा हात भिंतीवर. सबंध पंजा, पाचही बोटं.

"अहो, हात! हात!" मी चुलीपासून ओरडायची.

"अवं, पाय सुजून राहिले. धरू कायले मग? तुले?"

"लोकाच्या घरी लक्ष्मीची पावलं उमटतात, अन् आमच्या घरी तुमचा पंजा!"

हसायचे नुसते. ओल्या फडक्यानं मी ते पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं. गावाबाहेर नवं शहर उठायला लागलं. हे पेपरातली बातमी मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, "तिकडे धूर नाई पोचत. पोट्ट्याले नोकरी लागू दे, तिकडे घर घेऊ. पुरं पांढरं करू, तुले पाहिजे तसं. अन् मी बाहेरच हात धुऊन येईन."

पोट्ट्याला सरकारी नोकरी लागली. नव्या रायपुरात फ्लॅटही झाला. पण किल्ली हाती यायच्या आदल्या हिवाळ्यात यांची छाती दुखली, आणि दवाखान्यातून हे परत आले नाहीत. बाहेर हात धुऊन येणारा माणूसच गेला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा अनिमेष आम्हाला रंगकाम दाखवायला घेऊन गेला. हवा खरंच स्वच्छ होती. ओट्यावरून बोट फिरवलं तर बोट जसंच्या तसं. धर्मपाल म्हणून रंगारी होता, त्यानं मोठ्या हौसेनं माझ्या खोलीचं दार उघडलं.

"कइसे लागत हे, दाई?"

कसं वाटणार? समोर बिरगावची भिंत उभी होती. तुळशीच्या लग्नानंतरची. तोच रंग, तीच कळा. मी तिथल्या पालथ्या बादलीवर बसले.

"आई, काहून? चक्कर आली का?" स्वरदा धावली.

"नाई वं. मले हा रंग नको."

"पण तुम्हीच तर निवडला!"

"मी नाई निवडला, माझ्या सवयीनं निवडला. मले पांढरी पाहिजे. पहिल्यापासून पांढरीच पाहिजे होती."

"मम्मी, व्हाइट कौन कराता है आजकल?" अनिमेष म्हणाला. "हॉस्पिटल लगेगा."

"अन् पांढरी मळते ना आई," स्वरदा समजुतीनं म्हणाली. "आठ दिवसांत खराब होईल."

"कोण मळवणार आहे आता?" मी म्हटलं.

धर्मपालनं उगाच ब्रश झटकला. अनिमेषनं मोबाइल खिशात टाकला आणि दाराच्या चौकटीकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"बाबाचा हात लागत होता ना, आई? दाराजवळ. तू ओरडत होती."

कित्येक वर्षांनी पोरगा माझ्याशी मराठीत बोलला. मी मान हलवली.

"धर्मपाल भैया," तो वळून म्हणाला, "ये कमरा सफेद. एकदम सफेद, कोई शेड-वेड नहीं."

"हव भैया," धर्मपाल म्हणाला.

दिवाळी नव्या घरात झाली. बाहेर सगळीकडे करडं आणि माझी खोली पांढरी शुभ्र. शांताबाई आली, दारातच थबकली, म्हणाली, "प्रमोदिनी, किती प्रसन्न वाटून राहिलं!" तात्यापाऱ्याची माझी बहीण माझ्या भिंतीवरून हात फिरवत होती. खोटं कशाला बोलू, जिवाला बरं वाटलं. एवढं ऐकायला हे हवे होते.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी स्वरदानं गॅलरीतल्या कुंडीवर उसाचा मांडव घातला. मी खोलीत अंतरपाटासाठी टॉवेल काढायला गेले. दिवा लावला आणि भिंत बघितली. तशीच होती, पहिल्या दिवशीसारखी. कुठे डाग नाही, बोट नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी भिंत तुळशीच्या लग्नाला पांढरी होती.

दाराशी आले. बूट काढताना माणूस जिथे हात टेकेल, त्या जागी नजर गेली. थोडी वाट पाहिली.

"आई, या ना लवकर, मंगलाष्टकं म्हणायची आहेत!" बाहेरून स्वरदानं हाक मारली.

"आली वं," मी म्हटलं. टॉवेल खांद्यावर टाकला, दिवा मालवला, आणि मग अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "अहो, हात!"

भिंतीला कोणाचाच हात लागलेला नव्हता.